बोटीच्या ट्रेलरचे सर्ज ब्रेक: चाकं तापणं, रिव्हर्सला अडणं आणि बाकीचं

खारावारा
अमेरिकेत बोटीचा ट्रेलर ओढणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून एकाच धाग्यात विचारतो. ट्रेलर वापरलेला घेतलाय. एक ॲक्सल, ३,५०० पौंडांचा. मूळचे ड्रम ब्रेक काढून आधीच्या मालकाने डिस्कचा किट बसवलाय, पुढचा ॲक्चुएटर (दांड्याच्या टोकावरची ब्रेक लावणारी पेटी) मात्र जुनाच आहे. गाडीला चार पिनांचा चपटा प्लग. हायवेवरून उतरल्यावर दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) हात लावू देत नाहीत. चढाच्या ड्राइव्हवेवर रिव्हर्स घेतला की चाकं जाम. थांबून पुन्हा गाडी पुढे काढताना 'ठक्' असा धक्काही बसतो. ब्रेक काढून नवीन बसवायचे की आहे त्यातच काही करता येईल?

पाना_नं_१३
नवीन ब्रेक घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यातच दोन कारणं उघड दिसतात, पण आधी यंत्रणा समजून घ्या, नाहीतर सुटे भाग बदलत बसाल.

सर्ज ब्रेकला गाडीच्या पेडलशी काही देणंघेणं नाही. गाडीतून ट्रेलरकडे ब्रेकची नळी जात नाही, ब्रेक लावण्यासाठी वायरही जात नाही. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकावरचा ॲक्चुएटर दोन भागांचा असतो. बाहेरची पेटी दांड्याला बोल्ट किंवा वेल्ड केलेली, आणि तिच्या आत रोलरवर किंवा बुशवर सरकणारी स्लाइड. स्लाइडच्या तोंडाला कपलर, म्हणजे गाडीच्या मागच्या बॉलवर बसणारी टोपी. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर आपल्या वेगाने पुढे येतो, कपलर बॉलवर अडतो आणि स्लाइड पेटीत शिरते. आतला पुशरॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन दाबतो. तिथून पुढे सगळं कारसारखंच: फ्लुइड, नळी, कॅलिपर (डिस्कला) किंवा व्हील सिलिंडर (ड्रमला).

म्हणजे या ब्रेकला मिळणारा एकमेव हुकूम म्हणजे ट्रेलरची ढकल. आकड्यांत बघा. ३,५०० पौंडांचा ट्रेलर ०.३ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश) मंदावायचा तर एकूण १,०५० पौंडांचा विरोध लागतो. समजा त्यातले ३०० पौंड कपलरवर आले. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ ०.४४ चौरस इंच, आणि मधे लिव्हर नाही असं धरलं तर दाब ६८० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास जातो. उरलेले ७५० पौंड ट्रेलरच्या चाकांनी द्यायचे. गाडीचा ब्रेक जोरात दाबला की ढकल वाढते, दाब वाढतो. हलका दाबला की उलट. प्रमाण आपोआप राखलं जातं. पण थोडी ढकल गाडीवर कायम राहणार, कारण ती शून्य झाली तर ब्रेकच सुटतो. 'सर्ज ब्रेकवाल्या ट्रेलरचा भार गाडीला अजिबात जाणवत नाही' हे विक्रेत्याचं बोलणं आहे.

आता तुमचं दुखणं. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो नळीत साधारण १० ते १२ पीएसआय दाब कायम धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी कपच्या कडा सैल पडून हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये हा दाब निरुपद्रवी, कारण शू (ड्रमला आतून घासणारे) मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात. डिस्कच्या कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते. पिस्टन मागे येतो तो फक्त सीलच्या लवचिकतेवर. तेवढा दाब पॅड डिस्कला घासत ठेवायला पुरतो. ड्रमचा ॲक्चुएटर तसाच ठेवून डिस्क बसवल्या की हब तापण्याचं पहिलं कारण हेच असतं.

पाना_नं_१३
तपासणी अशी करा. चाकांना ओट (अडसराचे ठोकळे) लावून ट्रेलर जॅकवर घ्या. स्लाइड हाताने पूर्ण पुढे ओढा आणि चाक फिरवून बघा. जड फिरत असेल तर त्या कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला आहे. ब्लीडर उघडूनही चाक जडच राहिलं तर दोष कॅलिपरचा: गाइड पिना गंजल्यात किंवा पिस्टन धरलाय.

दाब अडकलेला निघाला तर ब्लीडर बंद करा, ब्रेक पुन्हा एकदा लावून सोडा, आणि या वेळी मास्टर सिलिंडरकडचा नळीचा नट सैल करा. तिथे चाक सुटलं तर रेसिड्युअल व्हॉल्व्ह, किंवा सिलिंडरमधलं फ्लुइड परत जायचं बारीक भोक बुजलंय. तिथे सुटत नाही पण ब्लीडरला सुटतं, तर मधली रबरी होज आतून फुगून बंद झालीय. बाहेरून ती होज धडधाकट दिसते, म्हणून सगळ्यात शेवटी सापडते.

काही मॉडेलांत व्हॉल्व्ह काढून फक्त फिटिंग बदलता येतं, काहींत डिस्कचा मास्टर सिलिंडरच घ्यावा लागतो. पेटीवरच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तो बघून मागवा. व्हॉल्व्ह ड्रिलने फोडण्याचे सल्ले नेटवर मिळतील, त्या भानगडीत पडू नका. धातूचे कण पुढे जाऊन कॅलिपरचं सील खातात.

तारेवरची
रिव्हर्सचं मी घेतो. मागे जाताना गाडी ट्रेलरला ढकलते. ॲक्चुएटरच्या दृष्टीने ही ढकल आणि ब्रेकिंगची ढकल सारखीच, त्यामुळे तो इमानेइतबारे ब्रेक लावतो. ड्रममध्ये यावर 'फ्री बॅकिंग' ड्रम असतात: चाक पुढे फिरताना ड्रम शूला सोबत ओढून आणखी घट्ट करतो, उलटं फिरताना शूचा आधार सरकतो आणि पकड बरीच ढिली पडते. डिस्कला पुढे काय आणि मागे काय, सारखंच. म्हणून डिस्कला रिव्हर्स लॉकआउट सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) हवाच. तो मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बसतो. गाडीच्या रिव्हर्स दिव्याचा करंट मिळाला की फ्लुइडची वाट बंद करतो.

तुमच्या गाडीला चार पिना आहेत. ग्राउंड पांढरी, टेललाइट तपकिरी, डावा सिग्नल आणि ब्रेक दिवा पिवळी, उजवा हिरवी. रिव्हर्सची वायरच नाही. पाच पिनांचा चपटा प्लग लावा, त्यातली पाचवी निळी वायर रिव्हर्सची. मात्र ॲक्चुएटरवर सोलेनॉइड आहे का ते आधी बघा. जुन्या ड्रमच्या ॲक्चुएटरला बहुधा नसतो, तो वेगळा घेऊन बसवावा लागेल.

यात एक सापळा आहे. सात पिनांच्या गोल प्लगमध्ये निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलरची असते आणि रिव्हर्स मधल्या पिनेवर, बहुधा पिवळ्या वायरवर येतो. रंगाला रंग जोडून निळीला निळी लावली आणि गाडीत कंट्रोलर असला, तर तुम्ही ब्रेक दाबताच सोलेनॉइडला करंट जातो आणि ट्रेलरचे ब्रेक नेमके त्याच क्षणी बंद पडतात. सात-ते-पाचचा ॲडॅप्टर घेतला तरी टेस्ट लॅम्प लावून खात्री करा: निळ्या वायरवर करंट फक्त रिव्हर्स गिअरला यायला हवा. टेललाइटला नाही, ब्रेकला नाही.

सोलेनॉइडचं ग्राउंड स्वतंत्र पांढऱ्या वायरने द्या. बॉल आणि कपलरमधून ग्राउंड मिळतं खरं, पण ग्रीस आणि गंज मधे आला की सोलेनॉइड अर्धवट ओढतो. नवीन गाड्यांत रिव्हर्सचे दिवे एलईडी असतात आणि कॉम्प्युटर त्या वायरीवर लक्ष ठेवून असतो. तिथे सोलेनॉइड थेट जोडला तर एरर येतो किंवा ती लाइनच बंद होते. रिले वापरा: रिव्हर्सच्या वायरने फक्त रिले उचलायचा, करंट बॅटरीकडून फ्यूज लावून घ्यायचा.

खारावारा
आभार, वायरचं लक्षात आलं. रँपवर बोट उतरवताना दिवे फुटू नयेत म्हणून लोक प्लग काढून ठेवतात ना? मग सोलेनॉइडचं काय होतं?

तारेवरची
मग त्याला करंट नाही, ब्रेक लागू शकतात. उताराच्या रँपवर ट्रेलर स्वतःच्या वजनाने गाडीला मागे ओढत असतो, कपलरवर ढकल येत नाही, म्हणून बहुतेकांना ते कळतही नाही. रँपच्या आधीच्या सपाट जागेत किंवा खाच-उंचवट्यावर अडकतं. प्लग अगदी पाण्याच्या कडेला काढा.

दुसरी एक गंमत. उतारावर थांबलात, ट्रेलर गाडीवर रेललाय आणि तसाच रिव्हर्स टाकला, तर सोलेनॉइड वाट बंद करतो ती आतल्या दाबासकट. ब्रेक लागलेलेच राहतात. आधी एक-दोन फूट पुढे जा, स्लाइड सुटू द्या, मग रिव्हर्स टाका. सोलेनॉइड बिघडलाय म्हणून लोक बदलतात ते बरेचदा याच कारणाने.

पाना_नं_१३
'ठक्' राहिलंच. ॲक्चुएटरच्या आत एक डँपर असतो, छोटा शॉकॲब्सॉर्बर. तो स्लाइडला एकदम धावू देत नाही. गाडी उखडल्या रस्त्यावर नाचली की प्रत्येक हिसक्याला ब्रेक लागू नये म्हणून. तो मेला की थांबून पुन्हा गाडी पुढे काढताना स्लाइड सुसाट बाहेर येते आणि आदळते. गाडीपासून सोडवून, चाकं अडवून स्लाइड हाताने पुढे-मागे करा. संथ, एकसारखा अडथळा लागायला हवा. सहज सटकत असेल तर डँपर गेला. अजिबात हलत नसेल तर गंज. तेल गळाल्याचे ओघळ दिसले तर बघायचीही गरज नाही.

डँपर चांगला असेल तर बॉलचं माप बघा. दोन इंचांच्या कपलरमध्ये १ ७/८ इंचांचा बॉल बसतो आणि धोकादायकरीत्या बसल्यासारखाच दिसतो. नळीत हवा असेल तरीही स्लाइड शेवटपर्यंत जाऊन आपटते.

ट्रेलर सपाट ओढला जायला हवा हेही इथेच सांगतो. नाक वर किंवा खाली झुकलेलं असलं की स्लाइड तिरकी ओढली जाते आणि बुशवर अडते. बॉल माउंटची (बॉल धरणाऱ्या दांडीची) उंची बदला. नाकावरचं वजन एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास ठेवा.

मीठपाणी
खाऱ्या पाण्यात उतरवणाऱ्यांसाठी थोडं.

बोटीच्या ट्रेलरला सर्ज ब्रेकच का असतात, तर इलेक्ट्रिक ब्रेकचे मॅग्नेट आणि वायरी पाण्यात बुडवायला बनलेल्याच नसतात. पण हायड्रॉलिक म्हणजे अमर असं नाही. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने चाकांच्या आतून आणि ॲक्चुएटरच्या स्लाइडमध्येही धुवा. स्लाइड सगळे विसरतात. ड्रमला फ्लशिंग किट मिळतो, मागच्या प्लेटमधून पाणी आत जातं. डिस्क उघड्या असल्याने धुवायला सोप्या, हा त्यांचा सगळ्यात मोठा फायदा. थांबण्याचं अंतर वगैरे नंतर.

नळी: साधी स्टीलची खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. निकेल-कॉपर घ्या, हाताने वाकते. ३/१६ इंच, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेली कड). साधी तांब्याची नळी आणि प्लंबिंगचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकला चालत नाहीत.

तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. उतरवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा, पट्टे सोडा, प्लग काढा, सामान चढवा. आणि स्प्रिंगवाल्या बेअरिंग प्रोटेक्टरमध्ये ग्रीसगन मारत सुटू नका. जास्तीचं ग्रीस मागच्या सीलमधून निघून ब्रेकवर जातं. ग्रीस लागलेले शू किंवा पॅड स्प्रेने पुसून परत बसवू नका, त्यांनी शोषलेलं तापल्यावर पुन्हा बाहेर येतं. दोन्ही बाजूंचे बदला.

पाना_नं_१३
मास्टर सिलिंडर बदलल्यावर हवा काढणं आलं, तेही लिहून टाकतो. दोन माणसं लागतात.

फ्लुइड डॉट ३ किंवा डॉट ४, नवीन सीलबंद डबा. डॉट ५ हा सिलिकॉन, तो यात मिसळत नाही, घालू नका. डॉट ३ चा उत्कलनांक कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४०. बोटीच्या ट्रेलरला हा फरक खरोखर भोवतो, म्हणून वर्ष-दोन वर्षांत फ्लुइड बदलाच.

टाकी वरून अर्धा इंच मोकळी ठेवून भरा. सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. दोन ॲक्सल असतील तर मागचा. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. बऱ्याच ॲक्चुएटरना खाली किंवा बाजूला एक भोक असतं, त्यात लांब स्क्रूड्रायव्हर घालून पुशरॉड पुढे ढकलता येतो. एकाने सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर उघडायचा, बुडबुडे निघाले की बंद करायचा, मग पहिल्याने सोडायचं. क्रम चुकला की हवा परत आत. टाकी रिकामी होऊ देऊ नका. सोलेनॉइडला या वेळी करंट नको.

कितीही केलं तरी बुडबुडे थांबत नसतील तर ब्लीडर कुठे आहे बघा. तो कॅलिपरच्या वरच्या अंगाला हवा. किट बसवताना डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ब्लीडर खाली जातो आणि वरची हवा कधीच निघत नाही. घरी बसवलेल्या किटमध्ये हे फार होतं. तात्पुरतं कॅलिपर सोडवून, पॅडांमध्ये जाड लाकडी फळी धरून, ब्लीडर वर करून हवा काढता येते. पण अदलाबदल सरळ करणं बरं.

ड्रमवाल्यांनी हवा काढण्याआधी शू जुळवून घ्या. मागच्या प्लेटच्या खाचेतून स्टारव्हील फिरवून चाक थांबेपर्यंत घट्ट करा, मग साधारण दहा दात मागे. शू सैल असले तर मास्टर सिलिंडरचा सगळा स्ट्रोक ती फट भरण्यातच संपतो आणि दाब तयारच होत नाही. ब्रेक लावताना स्लाइड एक इंचाहून बरीच जास्त आत जात असेल तर शू सैल झालेत किंवा हवा आहे.

घाटउतार
लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग केलं की ट्रेलरला दिलासा मिळतो असा समज आहे. तसं नाही. गाडी इंजिनने मंदावली तरी कपलरवर ढकल येतेच. तुमचा पाय पेडलवर नाही, गाडीचे ब्रेक थंड, आणि मागे ट्रेलरचे ब्रेक मैलोनमैल घासतायत. मधे थांबून हब तपासा. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतो, डाव्या-उजव्या हबमध्ये ठळक फरक दिसला तर एका बाजूला गडबड आहे.

दुसरी मर्यादा: ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला तर इलेक्ट्रिक ब्रेकवाला कंट्रोलरचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो. सर्जमध्ये ती सोयच नाही. ज्यांना डोंगराळ भागात जड बोट न्यायची आहे त्यांनी इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिकचा विचार करावा. ट्रेलरवरचा पंप कंट्रोलरच्या इशाऱ्यावर दाब देतो, ड्रमला १,००० आणि डिस्कला १,६०० पीएसआयचे पंप येतात.

मीठपाणी
घाटउतार, त्या पंपाची किंमत आणि मिठाच्या हवेतला तो विजेचा डबा, हे दोन्ही ३,५०० पौंडांच्या ट्रेलरला झेपत नाही. तीन ॲक्सलवाल्यांना सांगा.

घाटउतार
एक ॲक्सलला मीही सुचवणार नाही. मान्य.

नियमावली
ब्रेक कधी सक्तीचे ते राज्यावर अवलंबून. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून, टेक्सासात ४,५०० पासून. धंद्यासाठी ओढत असाल तर फेडरल नियम लागतो. चालकाला स्वतंत्रपणे लावता येत नाहीत म्हणून सर्ज ब्रेक तिथे बसत नव्हते. २००७ साली फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने परवानगी दिली, पण वजनाच्या अटीवर. ट्रेलरचं ठरलेलं कमाल वजन १२,००० पौंडांपर्यंत असेल तर ते ओढणाऱ्या गाडीच्या कमाल वजनाच्या १.७५ पटीपर्यंत चालतं. १२,००० ते २०,००० पौंडांना १.२५ पटीपर्यंतच.

बांधावरून
कोल्हापूरकडून वाचतोय. उसाच्या ट्रॉलीला हे बसवता येईल का? ट्रॅक्टर ५० एचपीचा.

पाना_नं_१३
बसवू नका. नियमावलींनी वर दिलेल्या पटी बघा. तुमचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा, भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट. सर्ज ब्रेक लागायला आधी ट्रॅक्टरने ती ढकल सोसून ट्रॉलीला अडवावं लागतं, आणि तेवढं वजन मागून आलं की ट्रॅक्टरची मागची चाकं घसरतात किंवा तो आडवा होतो. शिवाय पिनेच्या हुकमध्ये खेळ इतका असतो की ब्रेक हिसक्यानेच लागेल. शेतातल्या चिखलात मागे घेताना अडेल ते वेगळंच. ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या पेडलने चालणारे एअर किंवा हायड्रॉलिक ब्रेक हवेत.

थेम्सकाठ
युरोपात याचंच भावंड आहे, ओव्हररन ब्रेक. ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरला तोच असतो, पण फ्लुइडऐवजी रॉड आणि केबलने. रिव्हर्सची सोय ड्रममध्येच आणि हँडब्रेकही त्यालाच जोडलेला. ७५० किलोपर्यंत ब्रेक नसले तरी चालतं.

खारावारा
आज उघडून बघितलं. मास्टर सिलिंडरकडचा नट सैल केल्यावर दोन्ही चाकं मोकळी झाली, म्हणजे पाना म्हणाले तोच व्हॉल्व्ह. डिस्कचा सिलिंडर आणि सोलेनॉइड मागवलाय. शेवटचं एक: ॲक्चुएटरच्या बाजूला लिव्हरला बांधलेली केबल आहे ती ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी) ना? ती साखळीलाच अडकवलेली होती.

तारेवरची
हो, ब्रेकअवेचीच. साखळीला, बॉल माउंटला किंवा त्याच्या पिनेला अडकवू नका. बॉल माउंट निसटलं तर केबल त्याच्याबरोबरच जाईल आणि ओढली जाणारच नाही. गाडीच्या फ्रेमला किंवा हिचच्या पक्क्या भागाला लावा. पूर्ण वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड. साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाका, कपलर सुटला तर नाक त्यांच्यात पडतं.

केबल चुकून ओढली गेली तर लिव्हर पुढच्या खाचेत अडकतो आणि ब्रेक लागलेलेच राहतात. हब तापण्याचं हेही एक कारण, निघण्याआधी लिव्हरकडे बघायची सवय लावा. सोडवताना केबल आणखी ओढू नका. लिव्हर अडवणारी स्प्रिंगची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचलून तो मागे घ्या. आणि ट्रेलर उभा करायला ही केबल ओढून ठेवू नका. दाब हळूहळू उतरतो, त्यासाठी चाकांखाली ओटच हवेत.